मेडिकलच्या काउंटरवरची काच: ठेवू की काढू?

गोळीवाली (चिपळूण)

प्रश्न एका ओळीचा आहे, पण कुळकथा सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. चहा घेऊन बसा.

आमचं मेडिकल बाजारपेठेत. बाबांनी १९८४ साली टाकलं, मी बी.फार्म. झाल्यावर २००७ पासून गल्ल्यावर. जुना काउंटर फणसाच्या फळ्यांचा, उंची चौतीस इंच. चाळीसेक वर्षं लोकांनी त्यावर कोपरं टेकली म्हणून मधली फळी घासून किंचित खोलगट झाली होती. सुटी नाणी घरंगळून आपोआप तिथेच जमायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच दुकानांच्या काउंटरला मुद्दाम असा खळगा करतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारात शिरली. आमच्याकडे पाणी पंख्याच्या पात्यांना लागलं होतं. माल गेला, फ्रीज गेला, काउंटर चिखलातून ओढून काढला तेव्हा फळ्या फुगून सांध्यातून सुटल्या होत्या. चार महिन्यांनी दुकान नव्याने उभं केलं. करोनाची धास्ती ताजी होती. म्हणून काउंटर घेतला बेचाळीस इंच, प्लायवर पांढरा सनमायका, आणि वर तीन फूट टफन काच, आठ मिलिमीटरची. खाली मधोमध अर्धचंद्राची खाच, हात आणि पाकीट जाईल एवढी. निर्णय सगळे माझे, सुताराचा काही दोष नाही. दुकान चकाचक दिसायला लागलं, लोकांनी फोटो काढले.

त्यानंतर हळूहळू काहीतरी बिनसलं. काय ते कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिली गोष्ट, सगळे ओरडतात. मीही ओरडते. मागच्या वर्षी पन्नाशीचे एक गृहस्थ आले, खाचेपाशी वाकून काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, काय? पुन्हा पुटपुटले. मी कान पुढे केला, काचेला आपटला. तिसऱ्यांदाही कळेना. चौथ्यांदा त्यांनी मान वर करून काचेतून ठणकावलं, "मूळव्याधीचं मलम!" मागे सातआठ जण उभे होते, त्यांतल्या एकाने तर त्यांना नावाने हाक मारून "कधीपासून?" म्हणून चौकशी केली. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाताना दिसतात, मला पाहून मान वळवतात.

हे बायकांच्या बाबतीत तर रोजचं. पॅड्स, दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी, अंगावरून जातं त्यावरच्या गोळ्या. पूर्वी बाई काउंटरच्या टोकाला येऊन उभी राहायची, मी तिकडे सरकायचे, दोन वाक्यांत काम व्हायचं. आता टोक म्हणून काही उरलंच नाही. खाच एक, तोंड एक, रांग एक.

दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे. बाबा गोळ्यांचं पाकीट गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचे आणि त्यावर उलटं लिहायचे. म्हणजे त्यांच्या बाजूने उलटं, समोरच्याला सुलटं. सकाळसाठी रेघेवर अर्धा सूर्य, दुपारसाठी पूर्ण सूर्य, रात्रीसाठी चंद्राची कोर. पुढे गोळ्या किती तेवढे ठिपके. लिहिता लिहिता बोलायचे, "ही सकाळी, चहानंतर. चहाबरोबर नव्हे." समोरची म्हातारी पेनाच्या टोकावर नजर ठेवून मान डोलवायची. एखादी मध्येच म्हणायची, "दुपारची नको हो, दुपारी मी रानात." मग बाबा तो सूर्य खोडून डॉक्टरांना फोन लावायचे, दुपारची गोळी संध्याकाळी चालेल का विचारायला. नुसत्या छापील लेबलवर हे संभाषण झालंच नसतं.

मी काचेच्या आत लिहिते, घडी घालते, खाचेतून सरकवते. लोक पाकीट खिशात टाकून जातात. संध्याकाळी घरून फोन: यातली रात्रीची कुठली?

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांवर उभी लाल रेघ असते, तीही बाबा बोट ठेवून दाखवायचे. "ही रेघ दिसतेय? म्हणून मनाने दोन दिवसांत बंद करायची नाही." काचेतून बोट दाखवलं की समोरच्याला माझं बोट दिसतं, रेघ नाही.

आता पेच असा. सेल्समन आला होता, तो म्हणतो माईक आणि स्पीकर बसवा, बँकेत असतो तसा. नवरा म्हणतो काच काढून टाक. आमच्याकडे कामाला असलेली मुलगी म्हणते काच हवीच. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, घरीच असतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी काय सांगू, माझा काउंटर वाहून गेला." या फोरमवर रेल्वेतले, बँकेतले, डिझाइन शिकलेले बरेच जण आहेत. तुमचं काय मत?

---

खिडकी क्रमांक चार (डोंबिवली)

ताई, माईक लावू नका. आधी हे सांगतो, मग कारण.

मी रेल्वेतला बुकिंग क्लार्क. १९८१ ला लागलो, २०१७ ला सुटलो. मधली काही वर्षं सोडली तर सगळी खिडकीच्या आत. लोक विचारतात, इतक्या वर्षांत किती तऱ्हेची माणसं पाहिली असतील! मी माणसं नाही हो पाहिली. हात पाहिले. खाच खाली असली की आतल्याला समोरच्याचा हात आणि हनुवटी एवढंच दिसतं. अंगठ्या, गोंदण, चुना, मेंदी. हातावरून मी माणूस ओळखायचो, पण त्याच माणसाने प्लॅटफॉर्मवर नमस्कार केला तर मला पत्ता नसायचा.

आणि समोरच्याला काय दिसतं? काहीच नाही. तो वाकलेला असतो. माझ्या अनुभवाने सांगतो, वाकलेला माणूस लवकर चिडतो. सरळ उभा असता तर जे वाक्य त्याने हसून म्हटलं असतं, तेच वाकून म्हणताना भांडण होतं.

आम्ही लागलो तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं होती, एडमन्सन पद्धतीची. इंग्लंडातल्या एका स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकात काढलेली पद्धत, आमच्यापर्यंत तशीच्या तशी चालत आलेली. मागे लाकडी कप्पे, हात न बघता बरोबर कल्याणच्या कप्प्यावर जायचा. तिकीट तारखेच्या यंत्रात घातलं की खट्. तो खट् आवाज म्हणजे काम झालं, पुढचा या. कुणाला "झालं का?" विचारावं लागत नसे. कॉम्प्युटर आले आणि तो आवाज गेला. पहिले काही महिने प्रत्येक जण विचारायचा, झालं का, झालं का. प्रिंटर कुरकुरायचा, पण त्यावरून कोणाला काही कळत नसे.

भांडणं खरी कमी झाली ती फेअर रिपीटरमुळे. म्हणजे प्रवाशाकडे तोंड करून ठेवलेला छोटा आकडे दाखवणारा डबा. स्टेशन, माणसं किती, पैसे किती, सगळं त्याला त्याच्या बाजूने दिसतं. त्याआधी "मी एकच मागितलं होतं, तुम्ही दोन फाडली" हे रोज. तो डबा आल्यावर लोक स्वतःच म्हणायचे, साहेब थांबा, चुकलं, एकच. तुमचे बाबा पाकिटावर उलटं लिहायचे तेच हे. यंत्र नव्हतं एवढंच.

आता माईक. आमच्याकडे एका स्टेशनात लावले होते. माझा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमायचा, आणि समोरच्याचा आवाज मला तरी कुठे नीट येत होता! कल्याण रिटर्न सगळ्यांनी ऐकलं तर बिघडत नाही. तुमच्याकडे मूळव्याध आहे.

---

रंधा आणि फूटपट्टी (पुणे)

आधी कबुली: पवईच्या आयडीसीमधून, म्हणजे आयआयटीतल्या डिझाइनच्या विभागातून, शिकलो आहे, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे. काकांचा "वाकलेला माणूस लवकर चिडतो" हा सिद्धान्त मी माझ्या पुढच्या क्लायंटला ऐकवणार आहे, परवानगी गृहीत धरतो.

ओरडण्याचं कारण शास्त्रात आहे. काच आवाज सरसकट कमी करत नाही, वरच्या पट्टीतला जास्त खाते. स, श, फ, ख हे वर्ण त्याच पट्टीत असतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. त्यात भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलंय, त्याच्या नावानेच तो परिणाम ओळखतात. एकाने चढवला की दुसरा चढवतो. तुमच्या धंद्यात तर नावंच एकासारखी एक. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल काचेपलीकडून ऐकून पाहा.

म्हणजे गंमत बघा, ताई. काच बसवली ती मधे आड यावी म्हणून, आणि तिनेच प्रत्येकाचं दुखणं चव्हाट्यावर आणलं.

मतदान यंत्र आठवा. त्याचं बाह्यरूप आमच्या आयडीसीच्याच ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांच्या हातचं. यंत्र एक नाही, दोन डबे आहेत, मधे पाच मीटरची वायर. एक अधिकाऱ्यापुढे, दुसरा आडोशामागे. अधिकारी त्याच्या डब्यावरचं बटण दाबतो, मग तुमच्यापुढचा डबा मत घ्यायला तयार होतो. तुम्ही निळं बटण दाबलंत की लांब बीप. खोलीतल्या सगळ्यांना कळतं की मत पडलं, कोणाला ते कोणालाच नाही. काकांचा खट् आणि हा बीप सख्खे भाऊ. काय सगळ्यांना ऐकू जावं आणि काय एकालाच दिसावं, हे आधी ठरवलं आणि मग डबे बनवले. तुमच्या काउंटरवर ते उलटं झालंय. दुखणं सगळ्यांना ऐकू जातं आणि गोळी कधी घ्यायची ते घेणाऱ्यालाही दिसत नाही.

आता उपाय. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड नावाचा मनोविकारतज्ज्ञ होता. काही जागा माणसांना एकमेकांकडे ओढतात, काही एकमेकांपासून लांब ढकलतात, असं त्याचं म्हणणं. रेल्वेचा वेटिंग हॉल ढकलणारा. त्याच्यासोबत काम करणाऱ्या रॉबर्ट सॉमरने म्हाताऱ्या बायकांच्या एका वॉर्डात पाहिलं की चांगल्या नव्याकोऱ्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीत मांडल्यात आणि बायका गप्प बसून आहेत. खुर्च्या छोट्या टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला बायकांनीच विरोध केला! पण काही आठवड्यांत आपसांतलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. याच सॉमरला पुढे असंही दिसलं की टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कोपऱ्याला काटकोनात बसलेले जास्त बोलतात. काटकोनात बसलं की हवं तेव्हा बघता येतं आणि नको तेव्हा नजर सोडता येते.

म्हणून, पूर्ण काच काढू नका, पूर्ण ठेवूही नका. पैसे, बिल, "एक क्रोसिन द्या" हे सगळं काचेपाशी. रस्त्याकडच्या कोपऱ्यात काउंटरचा अडीच फुटांचा तुकडा उतरवा, तीस इंचांवर आणा, काच काढा, कोपऱ्याला दोन स्टुलं काटकोनात. समजावून सांगायचं ते तिथे. काचेची खाच सुताराला सांगून मोठी आणि तोंडाच्या उंचीला करून घ्या.

आणि एक फोटो टाका दुकानाचा. मला काचेवर काय काय चिकटवलंय ते बघायचंय.

---

नेहमीचा वैतागलेला (सोलापूर)

मीपण मेडिकलवाला. खिडकीवाल्या काकांसारखा छत्तीस वर्षांचा अनुभव नाही, पंधराच आहे, पण बोलतो.

सगळ्यांनी मिळून काचेला आरोपी केलंय. रात्री साडेदहाला दारू पिऊन आलेला माणूस झोपेच्या गोळ्या मागतो, चिठ्ठी नाही, आणि "नाही" म्हटल्यावर हात घालतो, तेव्हा सॉमरच्या खुर्च्या कामाला येत नाहीत. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत. पैसे देताना मुद्दाम बोटं धरणारे महाभाग असतात. तुमच्याकडची मुलगी काच हवी म्हणते ती का म्हणते, विचारलंत का?

बाकी लोकांना डिझाइन कितीही करून द्या. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, खरं औषध आहे का ते तपासायला. माझ्याकडे आजवर एकाने तो स्कॅन केला. तोही पैसे देण्यासाठी. बीपीच्या गोळ्यांचं खोकं हातात धरून मला विचारतो, "पेमेंट का जात नाही?"

---

हायडेलबर्गची सून

माझं सासर जर्मनीतलं, माहेर साताऱ्याचं. इथल्या मेडिकलमध्ये काच नसते बहुतेक ठिकाणी, पण काउंटरच्या दीडदोन मीटर आधी जमिनीवर एक रेघ असते आणि पाटी: डिस्क्रेत्सिओन. म्हणजे पुढच्याचं चाललंय तोवर इथेच थांबा. थांबतात. पहिल्या वर्षी मी सवयीने पुढच्या आजींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्या रेघेकडे बघितलं. मेले असते तर बरं, असं झालं.

चिपळुणात रेघ मारलीत तर तिसऱ्या दिवशी तिच्यावर कुणीतरी स्कूटर लावेल हे मला मान्य आहे.

आमच्या गावच्या किल्ल्यात जुन्या औषधालयांचं एक म्युझियम आहे. तिथे जुनी टेबलं ठेवलीत, वर तराजू टांगलेले, त्यावर औषध जोखायचे. तुमच्या बाबांचं वाचून मला ती आठवली. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

गोळीवाली (चिपळूण)

दीड महिन्याने लिहितेय, गणपती मधे आले.

सगळ्यांचे आभार. माईकवाल्याला नाही सांगितलं. वैतागलेल्या दादांचं वाचून मुलीला नीट विचारलं. आधी "तसंच" म्हणाली, मग दोन नावं घेतली. दोघेही रोजचे गिऱ्हाईक, मला ताई-वहिनी करून बोलणारे. दोन वर्षं ती माझ्या शेजारी उभी होती आणि मला हे माहीत नव्हतं. म्हणाली, "काच राहू दे ताई, पण माझ्या बाजूची." तेव्हा गल्ल्याकडची काच राहिली.

फूटपट्टीवाले दादा, तुमचा एक सल्ला मात्र अंगाशी येणार होता. खाच मोठी करा म्हणालात, काचवाल्याने कपाळाला हात लावला. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, करायला गेलं की ज्वारीएवढे तुकडे होऊन सगळी खाली. शेवटी काच पाच इंच वर उचलली आणि खाली ठोकळे देऊन बसवली. आता खाच नाहीच, लांबच्या लांब फट आहे. कोणी कुठेही उभं राहून बोलावं. हे आपसूकच बरं झालं, रांग मोडली आणि भांडणं कमी झाली. (काका, तुमच्यासाठी: आता मला हनुवटी नाही, तोंड दिसतं. मी तुमच्याइतकी हातांवरून माणसं ओळखायला शिकले नव्हते.)

बिलाचा स्क्रीनही फिरवला. जुना पडीक मॉनिटर होता, तो बाहेर तोंड करून जोडला.

फोटो मागितलात म्हणून काढायला गेले आणि पहिल्यांदाच काचेकडे रस्त्यावरून पाहिलं. अकरा स्टिकर. सुटे पैसे द्यावेत, फ्रीजचा माल परत नाही, आपण सीसीटीव्हीच्या नजरेत आहात, क्यूआर दोन कंपन्यांचे, आणि बरोबर माझ्या तोंडाच्या जागी लाल अक्षरांत "उधार बंद". म्हणजे दोन वर्षं लोक माझ्याशी बोलताना तेच वाचत होते. नऊ काढले. "उधार बंद" काढल्यावर आठवड्यात तिघांनी उधार मागितली, तेव्हा ते परत लावलंय, पण खाली, गुडघ्याशी.

पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा खाली फळीवर ठेवला, आवाज कमी करून. पूर्वी तो काचेला टेकून असायचा. कुणाचं किती रुपयांचं औषध झालं ते समोरच्या चहावाल्यालाही कळायचं.

आता कोपरा. खेर्डीहून सुतार आला, अडीच फूट काउंटर उतरवला, तीस इंचांवर फळी टाकली. सनमायका नको म्हटलं, फणस मिळाला नाही, साग परवडला नाही, आंबा घेतला. दोन स्टुलं. पहिल्या दिवशी कोणी बसेना. "नको नको, उभी आहे ती बरी." जणू बसलं तर फी लागेल. मग मी स्वतःच आतून बसायला लागले, मी बसले की समोरचे बसतात. आता उलटी अडचण झालीय. एक आजोबा रोज अकराला येतात, बीपीची गोळी महिन्याची घेऊन गेलेत, तरी येतात. बसतात, एसटीच्या वेळेपर्यंत रेशनचं, नातवाचं, धरणातून पाणी सोडल्याचं सांगतात. गणपतीच्या गर्दीत त्यांच्या मागे चार माणसं खोळंबली. नवरा म्हणतो, स्टूल काढ. मी अजून काढलेलं नाही. फळी खाली असल्याने लहान पोरांचे हात पोचतात, परवा एकाने बामची डबी उघडून डोळ्याला लावली, तेव्हा दुकान डोक्यावर घेतलं ते वेगळंच.

बायका मात्र लगेच सरावल्या. रस्त्याकडच्या कोपऱ्यात पाठ करून बसलं की मागच्याला काही दिसत नाही आणि ऐकूही जात नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. एकीने बसल्या बसल्या पदराआडून तिची जुनी चिठ्ठी काढली, दोन महिने तिच्याकडे होती. गोळ्या वजायनात ठेवायच्या असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ती पाण्याबरोबर घेत होती. उभ्याने, काचेतून, हे निघालं नसतं.

मूळव्याधवाले गृहस्थ अजून पलीकडेच जातात.

आणि उलटं लिहिणं. रात्री जेवणं झाल्यावर बाबा टेबलाच्या पलीकडे बसतात, मी पाकीट त्यांच्याकडे करून लिहिते. ठिपके सोपे. दुपारचा पूर्ण सूर्य कसाही फिरवला तरी सूर्यच. चंद्राची कोर दहातून चार वेळा भलतीकडे तोंड करते. सकाळचा अर्धा सूर्य सगळ्यात अवघड, रेघ कुठल्या बाजूला येणार याचा हिशोब हाताला अजून बसलेला नाही. बाबा म्हणतात, "डोक्याने काढू नकोस, त्यांच्या बाजूला जाऊन बस आणि काढ."

काल दसपटीतल्या एका आजींना पाकीट लिहून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग फळीवर ठेवून बोटाने गोल फिरवलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"बाय, हा सूर्य उगवतोय का बुडतोय?"